खुणा पुसायच्या नाहीत

पोटावर तिच्या जांभळ्या शाईनं
एक चौकोन आखून दिला
आणि म्हणाले, खुणा पुसायच्या नाहीत.
मी शिंपी. तीस वर्षं खडूनं आखतो,
माझ्या रेघा पहिल्या धुण्यात जातात.
ही रेघ पंचवीस फेऱ्या टिकवायची होती
चैताच्या घामातून,
अंग पुसायच्या ओल्या फडक्यातून.

मशीन दुखवत नाही, कौतिका सांगते,
मशीन तर हातही लावत नाही.
होतं ते नंतर, परतीच्या गाडीत,
आंजीच्या अलीकडे,
कोणीतरी पुड्यातून भजी काढतं तेव्हा.

पहिल्या आठवड्यात ती
खरांगण्याच्या स्टँडवर ओकली,
दोनदा पुलाच्या कठड्यापाशी,
आणि एकदा थेट कंडक्टरच्या तिकीट मशीनवर.
त्यानं ती पुसली. विचारलं,
"उद्याही याच गाडीनं काय, काकू?"
दुसऱ्या दिवशी खिडकीच्या सीटवर
त्याचा रुमाल टाकलेला.

मला जे येतं ते मी केलं.
पिशव्या शिवल्या.
आतून दुधाच्या पाकिटाचं प्लास्टिक,
बाहेरून पोलक्यांचे उरलेले तुकडे, वरती नाडी.
एकीला निळा काठ लावला.
"लगनाचा आहेर हाय काय हा?" म्हणाली,
आणि हसता हसताच ती भरली.

सिस्टर रागावल्या.
गोळी आधी, मशीनच्या तासभर आधी.
मळमळ झाल्यावर कसली देता?
बरोबर होतं त्यांचं.
कवेलू कोणी पावसात फिरवत नाही.

तेव्हापासून खिशात टेप असतो तिथं
ज्वारीच्या लाह्या.
दर दोन तासांनी एक मूठ, भूक असो नसो;
रिकाम्या पोटी उमाळा जास्त येतो
हे मला पन्नाशीत कळलं.
अंबील थंड, घोट घोट.
जेवल्यावर आडवं नाही व्हायचं,
म्हणून बाजेवर पाठीला
कटपीसचं गाठोडं.

चूल मी बकऱ्यांच्या गोठ्यामागे नेली.
पहिला भात करपला, तिथूनही तिला कळलं.
"पाणी कमी पडलं," बाजेवरून आवाज,
"आन् लसूण जाळू नको, मले दिसते इथून."
दिसत नव्हतं. नाकालाच डोळे फुटले होते तिच्या.
साबण नको, अगरबत्ती नको,
शेजारच्या देवकाबाईंची फोडणी नको.
देवकाबाईंशी आमचं सांडपाण्यावरून
चार वर्षं बोलणं नव्हतं.
मी गेलो नाही सांगायला.
पण एक दिवस दुपारचा त्यांचा धूर
गावाकडच्या बाजूनं निघू लागला,
बोलणं अजून नाही.

बाराव्या दिवशी पाणीही टिकेना.
ओठ कोरडे, लघवी हळदीसारखी.
असं झालं तर थांबू नका, सांगितलेलं होतं,
मी तरी अर्धा दिवस थांबलो.
तो अर्धा दिवस मला कुठंच शिवून टाकता येत नाही.
सलाईनच्या थेंबांकडे पाहत
मी थेंब मोजत होतो की टाके,
कोण जाणे.

आणि माझं मशीनचं तेल.
त्याचाही वास नको, ती बोलली नाही,
फक्त मी कुपी उघडली की
तोंड भिंतीकडे करायची.
मी तेल घालणं सोडलं.
मशीन कुरकुरायला लागली.
गिऱ्हाईकं विचारत,
"काहून रडते जी तुमची मशीन?"
म्हातारी झाली, म्हणायचो.

पंचवीस संपल्या त्याला आज सतरा दिवस.
चौकोनाच्या तीन बाजू गेल्या,
कमरेकडची एक रेघ आहे,
पुसायला आता मनाई नाही, पण ती घासत नाही.
पोलकी सगळी आत घ्यावी लागली,
दोन्हीकडून दीड दीड बोट.
मी मापं वहीत लिहिली नाहीत.

आज संध्याकाळी म्हणाली,
"तेल दे तिले. लय दिवस झाले आयकून राह्यली मी."
वास येईल, म्हटलं.
"येऊ दे. पाहू."

नाकाला पदर लावून
बाजेच्या काठावर ताठ बसली,
मांडीवर पिशवी, निळ्या काठाची,
नाडी सोडून ठेवलेली.

मी कुपी उघडली.
एक थेंब टाकला.